शिडीपासून तळपायापर्यंत : हायड्रोफॉइल काइटबोर्डिंगच्या तंत्राचा व साधनांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

क्रीडेचा इतिहास आपल्याकडे बहुधा विक्रम, स्पर्धा आणि खेळाडूंची चरित्रे या तीन अंगांनी लिहिला जातो. खेळाचे साधन कसे घडले आणि ते साधन वापरणाऱ्या शरीराला काय शिकावे लागले, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात हायड्रोफॉइल काइटबोर्डिंग या अलीकडच्या जलक्रीडेचा विचार याच प्रश्नाच्या अनुषंगाने करावयाचा आहे. या खेळात मोठ्या पतंगाच्या ओढीवर एक फळी, म्हणजे बोर्ड, पाण्यावरून धावते. बोर्डाच्या तळाशी एक उभा खांब (मास्ट) असतो. त्याच्या टोकाला विमानाच्या सांगाड्यासारखी रचना असते : पुढे मोठा पंख, मागे लहान पंख आणि दोहोंना जोडणारा दांडा (फ्युजलाज). पुरेसा वेग मिळाला की हा पाण्याखालील पंख बोर्डाला आणि त्यावरील माणसाला पाण्याच्या पृष्ठभागावरून वर उचलतो. किनाऱ्यावरून पाहणाऱ्यास माणूस हवेत तरंगत चालल्याचा भास होतो.

या खेळाविषयी लोकप्रिय लेखनात एक ठराविक कथा आढळते : हवाई बेटांवरील काही साहसी लाटास्वारांनी एके दिवशी हे साधन शोधून काढले आणि जगाने ते स्वीकारले. ही कथा खोटी नाही, परंतु फार आखूड आहे. हायड्रोफॉइलचा इतिहास १९व्या शतकापर्यंत मागे जातो आणि त्या दीर्घ इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो. पंख पाण्यातून नौकेला वर उचलतो हे खरे, पण तिला एका विशिष्ट उंचीवर स्थिर कोणी ठेवायचे? या प्रश्नाचे उत्तर आधी पंखाच्या आकाराने दिले, नंतर स्वयंचलित यंत्राने दिले आणि अखेर, फॉइल बोर्डाच्या बाबतीत, ते माणसाच्या तळपायावर सोपविले गेले. या साधनाची निवड कशी करावी आणि ते शिकण्याचा क्रम कोणता, याची आजची समज या स्थित्यंतरातूनच तयार झाली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शिडीचे पंख :

हायड्रोफॉइलचे तत्त्व विमानाच्या पंखाचेच आहे. फरक माध्यमाचा. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्याने अगदी लहान पंखही मोठा भार उचलू शकतो. पॅरिसमधील एमान्युएल देनी फार्को यांनी १८६९ मध्ये या स्वरूपाच्या कल्पनेचे पेटंट घेतले होते. तथापि, प्रत्यक्ष चालणारी व प्रभाव पाडणारी नौका घडविण्याचे श्रेय इटालियन अभियंता एन्रिको फोर्लानिनी यांच्याकडे जाते. १९०६ मध्ये मॅज्जोरे सरोवरावर त्यांच्या नौकेने ताशी सुमारे ६८ कि.मी. वेग गाठला. तिचे पंख शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकावर एक बसविलेले होते. या रचनेतील चातुर्य लक्षात घेण्याजोगे आहे. नौका वर उचलली गेली की वरच्या पायऱ्या पाण्याबाहेर येत, पाण्यातील पंखाचे क्षेत्रफळ घटे आणि उचल आपोआप कमी होई. ती खाली बसू लागली की पायऱ्या पुन्हा पाण्यात जात आणि उचल वाढे. उंचीचे नियमन करण्यासाठी चालकाला काहीच करावे लागत नसे. शिडी स्वतःच ते काम करी.

आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांतून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल भेटतात ते टेलिफोनचे जनक म्हणून. पाठ्यपुस्तक तेथेच थांबते. त्यांच्या आयुष्याची उत्तरार्धातील अनेक वर्षे कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातील बॅडेक येथे पतंग आणि जलपंख यांच्या प्रयोगांत गेली. ६ डिसेंबर १९०७ रोजी ब्रास दॉर सरोवरावर त्यांचा ‘सिग्नेट’ हा तीन हजारांहून अधिक चतुष्फलक कप्प्यांचा प्रचंड पतंग बोटीने ओढून उडविण्यात आला. त्यात थॉमस सेल्फ्रिज हा अमेरिकन लष्करी अधिकारी बसला होता. पतंग काही मिनिटे हवेत राहिला, मग हळूहळू पाण्यावर उतरला. ओढदोर वेळेवर न सोडल्याने पतंगाचे तुकडे झाले, सेल्फ्रिज बचावला. (पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९०८ मध्ये, ऑर्व्हिल राइट यांच्या विमानाला झालेल्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातातील तो पहिला बळी मानला जातो.)

बेल व त्यांचे सहकारी केसी बॉल्डविन यांनी १९११ मध्ये जगप्रवासादरम्यान मॅज्जोरे सरोवरावर फोर्लानिनी यांच्या नौकेतून सफर केली. त्या अनुभवाने प्रेरित झालेल्या प्रयोगांची परिणती म्हणजे ‘एचडी-४’ ही नौका. ३५० अश्वशक्तीची दोन इंजिने बसविलेल्या या नौकेने ९ सप्टेंबर १९१९ रोजी ताशी ११४.०४ कि.मी. हा तत्कालीन जागतिक जलवेगाचा विक्रम नोंदविला. तिचेही पंख शिडीचेच होते. एकाच सरोवरावर, एकाच संशोधकाच्या देखरेखीखाली माणूस वाहून नेणारा पतंग आणि हायड्रोफॉइल हे दोन्ही प्रयोग झाले, परंतु एकाला दुसऱ्याशी जोडण्यात आले नाही. आजच्या काइटबोर्डिंगची बीजे बॅडेकला पडली असे त्यावरून म्हणणे मात्र अनैतिहासिक ठरेल. बेल यांना पतंगातून विमान हवे होते आणि जलपंखातून वेगवान नौका.

आकाराकडून यंत्राकडे :

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन अभियंता हान्स फॉन शेर्टेल यांच्या रचनेची प्रवासी नौका मॅज्जोरे सरोवरावरच १९५३ मध्ये नियमित फेऱ्या करू लागली. शेर्टेल यांनी शिडीऐवजी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे, पाण्याचा पृष्ठभाग भेदून वर येणारे पंख वापरले. नियमनाचे तत्त्व मात्र तेच. शिडाच्या नौकांतही शिडीच्या पंखांचा वापर झाला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात गॉर्डन बेकर यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यास बांधलेली ‘मॉनिटर’ ही नौका वाऱ्याच्या बळावर ३० नॉटपर्यंत पोहोचली होती, तर डेव्हिड काइपर यांची ‘विलीवॉ’ १९७० मध्ये कॅलिफोर्नियाहून हवाईला गेली.

पृष्ठभाग भेदणाऱ्या पंखांचा दोष असा की प्रत्येक लाटेचा धक्का ते नौकेपर्यंत पोहोचवितात. पंख पूर्णपणे पाण्याखाली ठेवला तर प्रवास शांत होतो आणि पाण्याचा अवरोधही घटतो. मात्र अशा पंखाला आपण किती उंचीवर आहोत याचे भान नसते. तो नौकेला उचलत राहतो, अखेर स्वतःच पृष्ठभागाबाहेर येतो, त्याच्या पाठीवर हवा ओढली जाते आणि उचल एका क्षणात नाहीशी होते. म्हणूनच १९७० च्या दशकात बोइंग कंपनीच्या ‘जेटफॉइल’ या प्रवासी नौकेत उंची मोजणारे संवेदक आणि पंखांच्या झडपा सतत हलविणारी स्वयंचलित यंत्रणा बसविण्यात आली. हाँगकाँग ते मकाव या जलमार्गावर या नौका दीर्घकाळ चालल्या. ‘मॉथ’ या एका माणसाच्या छोट्या शिडाच्या होडीने तेच उत्तर फार साधेपणाने दिले : पुढच्या टोकाला लोंबणारी एक काडी पाण्यावर घासत जाते, होडी उचलली की काडीचा कोन बदलतो आणि जोडदांड्यांमार्फत पंखाची झडप हलते. अशा होडीतून ऑस्ट्रेलियाच्या रोहन व्हील यांनी २००५ मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळविले. यंत्र कितीही साधे असो, उंची राखण्याचे काम यंत्राकडे होते, हे येथे महत्त्वाचे.

पतंगाची बाजू :

पतंगाने वाहन ओढण्याची कल्पना जुनीच. इंग्लंडमधील शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगाने ओढलेल्या गाडीचे पेटंट घेतले. सॅम्युएल कोडी यांनी १९०३ मध्ये पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. खरी अडचण पतंग पाण्यात पडल्यावर होई, कारण तो पुन्हा उडविणे जवळजवळ अशक्य असे. फ्रान्समधील ब्रितानी प्रांतातील ब्रुनो व दोमिनिक लगेन्यू या बंधूंनी नोव्हेंबर १९८४ मध्ये हवेने फुगविलेल्या कडांच्या पतंगाच्या पेटंटसाठी अर्ज करून या अडचणीवर मार्ग काढला. फुगविलेली कड पतंगाला तरंगत ठेवते आणि पाण्यावरूनच त्याला पुन्हा आकाशात नेता येते. अमेरिकेत बोइंगमधील वायुगतिशास्त्रज्ञ बिल रोझलर व त्यांचे पुत्र कोरी यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘काइटस्की’ हे वेगळ्या धर्तीचे साधन विकसित केले. १९९६ च्या सुमारास मानू बर्तँ आणि लेअर्ड हॅमिल्टन यांनी हवाईतील माउई बेटावर केलेल्या प्रात्यक्षिकांमुळे हा खेळ सर्वतोमुखी झाला.

आरंभीच्या पतंगांची ओढ पूर्णपणे काढून टाकता येत नसे, आणि वाऱ्याचा जोराचा झोत आला की चालक अक्षरशः उचलला जाई. लगेन्यू बंधूंच्याच रचनेवर आधारलेले ‘बो’ पतंग २००५ च्या सुमारास बाजारात आल्यावर हातातील दांडा दूर ढकलून ओढ जवळजवळ शून्यावर आणणे शक्य झाले. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडविणारा मुलगा ज्याला ‘ढील देणे’ म्हणतो, त्याचेच हे चार दोऱ्यांवरील रूप. पुढे फॉइलच्या संदर्भात ही ढील निर्णायक ठरली.

खुर्चीवरून पायांवर :

हायड्रोफॉइल बोर्डाचा निकटचा पूर्वज शिडाच्या जगातला नसून मोटरबोटीमागे ओढल्या जाणाऱ्या स्कीच्या जगातला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत माइक मर्फी व बॉब वूली यांनी ‘एअर चेअर’ नावाचे साधन विकसित केले. एका फळीवर आसन, खाली खांब आणि त्याखाली पूर्णपणे बुडालेले पंख, अशी ती रचना होती. तीत काडी नव्हती, झडप नव्हती, संवेदकही नव्हता. चालक पट्ट्याने आसनाशी बांधलेला असे आणि धड पुढे-मागे झुकवून उंची राखीत असे. यंत्राचे काम शरीराने स्वतःकडे घेतले ते येथे. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या लोकप्रिय कथेत या खुर्चीला सहसा स्थान मिळत नाही, ही खेदाची बाब होय.

हॅमिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच साधनाचा खांब व पंख काढून उभ्या बोर्डाला लावले आणि बर्फावरील बोर्डिंगचे कडक बूट घालून ते प्रचंड लाटांवर उतरले. २००३ च्या ‘स्टेप इंटू लिक्विड’ या माहितीपटाने ही दृश्ये जगभर पोहोचविली. हवाईतच मँगो काराफिनो यांच्यासारख्यांनी पतंगासाठी स्वतंत्र फॉइल घडविण्याचे काम केले. बसलेला माणूस उभा राहिला की त्याचा गुरुत्वमध्य वर जातो. बूट काढून तो मोकळ्या पायांनी उभा राहिला की साधनाशी त्याचा संबंध केवळ तळपायांपुरता उरतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल हितकारक होता, कारण पडताना धारदार पंखांपासून दूर उडी घेता येऊ लागली. शिकण्याच्या दृष्टीने मात्र अडचण वाढली.

साधनांची निवड :

फॉइल निवडणे म्हणजे उंची राखण्याच्या कामाचा किती वाटा साधनाकडे ठेवायचा आणि किती शरीराकडे, हे ठरविणे होय. पंखाची उचल त्याच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चालक व साहित्य मिळून ९० कि.ग्रॅ. भार, उचल गुणांक ०.५ आणि पतंगाची वरची ओढ शून्य धरून गणित केल्यास १५०० चौ.सें.मी. क्षेत्रफळाचा पुढचा पंख ताशी सुमारे १७ कि.मी. वेगाला भार पेलतो. १००० चौ.सें.मी.च्या पंखाला ताशी सुमारे २१ कि.मी., तर ५०० चौ.सें.मी.च्या पंखाला ताशी जवळजवळ ३० कि.मी. वेग लागतो. हे आकडे ढोबळ आहेत, परंतु त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. नवशिक्याने शर्यतीचा लहान पंख घेतला तर तो पहिल्यांदा उचलला जाईल तेव्हाच तीस किलोमीटरच्या वेगात असेल आणि विचार करायला त्याला वेळ मिळणार नाही. म्हणून आरंभी मोठा, जाड छेदाचा आणि रुंदीच्या मानाने आखूड पंख योग्य. तो मंद गतीने उचलतो आणि कोन चुकला तरी एकदम उचल सोडत नाही. लांब व अरुंद पंखाचा अवरोध कमी असतो, तो वाऱ्याच्या दिशेने अधिक तीक्ष्ण कोनात जाऊ देतो, पण त्याच्यात क्षमाशीलता नसते.

दांड्याची लांबी सहसा दुर्लक्षिली जाते. दोन पंखांतील अंतर जितके जास्त, तितके बोर्डाचे नाक वर-खाली होणे संथ. लांब दांडा हा एका अर्थाने फोर्लानिनीच्या शिडीचा दूरचा नातेवाईक मानता येईल. तो उंची राखत नाही, परंतु चालकाला चूक सुधारण्यासाठी अर्धा क्षण अधिक देतो.

खांबाच्या बाबतीत मत एकमुखी नाही. सुमारे ९० सें.मी. हे सर्वसाधारण माप. शर्यतीत त्याहून लांब खांब वापरतात. प्रशिक्षण केंद्रांत मात्र ४५ ते ६० सें.मी.च्या आखूड खांबापासून आरंभ करून टप्प्याटप्प्याने लांबी वाढविण्याची पद्धत रूढ झाली. आखूड खांबावरून पडणे कमी उंचीचे असते व उथळ पाण्यातही सराव करता येतो. उलट आक्षेप असा की आखूड खांबावर पंख वारंवार पृष्ठभागाबाहेर येतो आणि त्यामुळे शिकणाऱ्याचा आत्मविश्वास ढळतो. हा आक्षेप रास्त असला तरी पहिल्या काही दिवसांपुरता आखूड खांबच श्रेयस्कर, असे आम्हांस वाटते. या अवस्थेत ध्येय उड्डाणाचे नसून बोर्ड पाण्यावर दाबून ठेवण्याचे असते.

द्रव्याच्या निवडीत पैशाचा प्रश्न येतो. अॅल्युमिनियमचा खांब स्वस्त व धक्का सोसणारा, पण जड असतो. खाऱ्या पाण्यात भिन्न धातूंचे सांधे गंजून एकमेकांत घट्ट बसतात, म्हणून तो प्रत्येक वापरानंतर सुटा करून गोड्या पाण्याने धुवावा लागतो. कार्बनचा खांब हलका व ताठ असतो. ताठपणाचे महत्त्व केवळ वेगापुरते नाही. पिळवटणाऱ्या खांबात तळपायाने दिलेली सूचना पंखापर्यंत उशिरा पोहोचते, आणि जेथे तळपाय हाच संवेदक व तोच नियंत्रक आहे, तेथे हा विलंब महागात पडतो. नवशिक्याच्या वेगाला तो फारसा जाणवत नाही. म्हणून पहिले साधन अॅल्युमिनियमचे घेण्यात काहीच गैर नाही. पैसे वाचवायचेच असतील तर खांबात वाचवावेत, पंखात नव्हे. बोर्ड मात्र सुरुवातीस तरंगणारा, थोडा मोठा असावा.

शिकण्याचा क्रम :

साध्या काइटबोर्डवर माणूस मागे झुकून, मागच्या पायावर जोर देऊन कड पाण्यात रोवतो. ही सवय अंगवळणी पडलेला चालक फॉइलवर उभा राहिला की तोच जोर बोर्डाचे नाक वर करतो, पंखाचा कोन वाढतो आणि बोर्ड उसळून वर जातो. येथे भार पुढच्या पायावर हवा. आधी जे कमावले ते प्रथम विसरावे लागते. पतंगावर संपूर्ण ताबा व वाऱ्याच्या दिशेने परत येण्याची क्षमता मात्र आधीच हवी, कारण फॉइलवर मनाला दुसरीकडे पाहण्याची सवड नसते.

यातही पतंगामुळे एक वेगळी गुंतागुंत निर्माण होते. बोर्ड पाण्याबाहेर आला की अवरोध एकदम घटतो आणि वेग वाढतो. वेग वाढला की पतंगाला जाणवणारा वारा वाढतो, ओढ वाढते, परत वेग वाढतो आणि पंख आणखी वर उचलतो. बेल यांच्या नौकेचे इंजिन नौका वर आली म्हणून स्वतःहून जोर वाढवीत नव्हते. पतंग नेमके तेच करतो. म्हणून उचल जाणवताच एकाच वेळी दोन गोष्टी कराव्या लागतात : पुढच्या पायावर भार आणि हाताने ढील. याच कारणास्तव फॉइलसाठी नेहमीपेक्षा लहान पतंग घेण्याचा सल्ला दिला जातो.

क्रम साधारणपणे असा. बोर्डाला आडवे करून, फॉइल शरीरापासून दूर ठेवून पाण्यातून किनाऱ्यापासून खोल जागी जाणे. पाय ठेवून हळुवारपणे उठणे. मग बराच काळ बोर्ड पाण्यावरच चालविणे. त्यानंतर क्षणभर उचल आणि लगेच पुन्हा पाण्यावर टेकणे. हे टेकणे हेतुपुरस्सर करता आले तरच पुढे जावे. दिशा बदलताना पायांची अदलाबदल करणे हा स्वतंत्र व चिकाटीचा विषय आहे. शिरस्त्राण आणि धक्का शोषणारे जाकीट यांस पर्याय नाही.

ऑलिंपिकपर्यंत :

मे २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नौकानयन महासंघाने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी विंडसर्फिंगच्या जागी काइटबोर्डिंगची निवड केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निर्णय फिरविला. तेव्हाच्या शर्यती मोठ्या पात्यांच्या, पाण्यावर धावणाऱ्या बोर्डांवर होत असत. त्यानंतर अल्पावधीत शर्यतींतून त्यांची जागा फॉइलने घेतली, ती मुख्यतः हलक्या वाऱ्यातील वेगामुळे व वाऱ्याच्या दिशेने जाण्याच्या तीक्ष्ण कोनामुळे. २०१८ मध्ये पॅरिस ऑलिंपिकसाठी काइटबोर्डिंगचा समावेश निश्चित झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मार्सेल येथे ‘फॉर्म्युला काइट’ या नावाने ऑलिंपिकमधील पहिल्या शर्यती झाल्या. वाऱ्याअभावी त्या वारंवार पुढे ढकलाव्या लागल्या. महिलांत ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिज यांनी, तर पुरुषांत ऑस्ट्रियाच्या व्हॅलेंटिन बोंटुस यांनी सुवर्णपदक मिळविले. पुरुषांतील कांस्यपदक सिंगापूरच्या मॅक्स मेडर या १७ वर्षांच्या मुलाने ९ ऑगस्ट रोजी, आपल्या देशाच्या राष्ट्रदिनी, मिळविले. त्याच ऑलिंपिकमधील विंडसर्फिंगच्या प्रकारात सर्व स्पर्धकांना एकाच उत्पादकाचे एकसारखे साहित्य होते. फॉर्म्युला काइटमध्ये मात्र नोंदणीकृत उत्पादकांच्या फॉइलमधून निवड करण्याची मुभा होती, आणि कोणता पंख कोणाच्या पायाला जुळतो हा प्रश्न तेथेही प्रत्येकाला स्वतःपुरता सोडवावा लागला.